लेप, ठसा आणि प्रत

एखादे जुने चित्र छायाचित्रात टिपणे, ते छायाचित्र हाताशी ठेवून किंवा मूळ चित्रासमोर बसून ते पुन्हा रंगवणे आणि ती रंगवलेली प्रत ग्रंथात छापणे, या कामाकडे सहसा केवळ तंत्र म्हणून पाहिले जाते. कागद कोणता, रंग कोणते, मोजमाप कसे घ्यावे, छपाईत रंग किती उतरेल, एवढ्यातच त्याची चर्चा संपते. परंतु या कामाच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे आणि मूळ चित्र देवळाच्या भिंतीवर असेल, तर तो धर्माचाही प्रश्न होतो. जे पुन्हा रंगवले जाते ते पूर्वीचेच राहते, की पूर्वीचे नाहीसे होऊन त्याच्या जागी दुसरे येते? आणि दुसरे येत असेल, तर कोणत्या ठिकाणी तसे येणे उचित आणि कोणत्या ठिकाणी अनुचित? उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी वसलेल्या भैरवगडात या प्रश्नाची तीन अंगे एकमेकांच्या शेजारी नांदतात, म्हणून त्याचा विचार तेथूनच सुरू करणे सोयीचे आहे.

भैरवगडाची ओळख दोन गोष्टींनी आहे: कालभैरवाचे देऊळ आणि कापडावरची छपाई. कालभैरव हा उज्जैनचा रक्षक देव मानला जातो. स्कंदपुराणाच्या अवंतिखंडात या क्षेत्राचे माहात्म्य आले आहे आणि देवळाच्या परिसरात परमारकालीन मूर्तीही मिळाल्या आहेत. मात्र आज उभ्या असलेल्या वास्तूवर मराठा काळाची छाप स्पष्ट दिसते. पानिपतच्या १७६१ च्या पराभवानंतर महादजी शिंदे यांनी आपली पगडी या देवाच्या चरणी वाहिली, विजयासाठी साकडे घातले आणि पुढे देवळाचा जीर्णोद्धार केला, अशी परंपरा सांगते. देवाच्या मस्तकी पगडी ठेवण्याची रीत या स्मृतीशी जोडली जाते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. त्याच पुनरुत्थानाच्या धारेत भैरवगडचा जीर्णोद्धारही येतो. या देवळाच्या भिंतींवर एके काळी माळव्याच्या शैलीतील चित्रे होती. त्यांपैकी आता केवळ खुणा उरल्या आहेत.

म्हणजे एकाच गावात तीन वस्तू समोर येतात. पहिली गाभाऱ्यातील मूर्ती, जिच्यावर शेंदराचे लेप चढत राहतात. दुसरी कापड छापणाऱ्या छिपा कारागिरांचा लाकडी ठसा, ज्याने तीच वेलबुट्टी कापडाच्या ताग्यावर पुन्हा पुन्हा उमटते. तिसरी देवळाच्या भिंतीवरील पुसट होत गेलेले चित्र. तिन्ही ठिकाणी रंग पुन्हा लागतो किंवा लावावासा वाटतो. परंतु 'तेच' या शब्दाचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. हा भेद नीट लक्षात घेतला नाही, तर पुन्हा रंगवण्याविषयीचे कोणतेही मत एका जागी योग्य आणि दुसऱ्या जागी विघातक ठरते.

प्रथम मूर्तीचा विचार करू. शेंदूर म्हणजे शिशाच्या भस्मापासून होणारी लाल-केशरी पूड. ती तेलात किंवा तुपात कालवून भैरव, हनुमान, गणपती आणि ग्रामदेवतांच्या मूर्तींना लावतात. लेपावर लेप चढून मूर्तीभोवती जाड थर तयार होतो, घडीव अवयव त्याखाली झाकले जातात आणि केवळ डोळे व मुखाची ढोबळ ठेवण उरते. कधी हा थर आपोआप गळून पडतो व आतील मूळ मूर्ती दिसू लागते. त्या घटनेला मराठी मुलुखात देवाने कवच सोडले असे म्हणतात आणि गळलेल्या शेंदराचे विधिपूर्वक विसर्जन करून नवा लेप देतात. शिल्पाच्या अभ्यासकाला या लेपाचे दुःख होणे साहजिक आहे, कारण छिन्नीचे काम त्याला दिसत नाही. परंतु उपासकाच्या दृष्टीने मूर्तीचे 'तेच' असणे छिन्नीच्या कामात नसतेच. ते प्राणप्रतिष्ठेत असते, म्हणजे ज्या विधीने पाषाणात देवतेचे सान्निध्य कल्पिले जाते त्या विधीत, आणि त्यानंतर अखंड चाललेल्या सेवेत.

ही कल्पना शास्त्रानेही स्पष्टपणे मांडली आहे. जीर्णोद्धाराच्या विधीत, मूर्तीची किंवा गाभाऱ्याची दुरुस्ती करण्यापूर्वी देवतेचे सान्निध्य मंत्रपूर्वक कलशात आणतात, तेवढा काळ पूजा त्या कलशाची किंवा तात्पुरत्या प्रतिमेची होते आणि काम पुरे झाल्यावर ते सान्निध्य पुन्हा मूर्तीत स्थापिले जाते. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात तर ही कल्पना शेवटच्या टोकाला पोहोचते. अधिक आषाढ येणाऱ्या विशिष्ट वर्षी, उदाहरणार्थ १९९६ आणि २०१५ साली, देवांचे लाकडी देहच नवे घडवले जातात आणि जुने भूमीत विसावतात. तरीही जगन्नाथ तोच राहतो. येथे अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर देवतेचे असणे मानले जाते ते, द्रव्यात नसून संबंधात आहे. शेंदराचा नवा थर त्या संबंधाला बाधा आणत नाही, उलट तो संबंध चालू असल्याची ग्वाही देतो. ज्या मूर्तीला कोणी लेप देत नाही ती वस्तुसंग्रहालयात अधिक सुबक दिसेल, परंतु उपासनेच्या अर्थाने ती एकाकी पडलेली असते.

ठशाची गोष्ट याहून निराळी आहे. भैरवगडचे छिपा कारागीर लाकडाच्या ठशांनी कापड छापतात आणि मेणाने झाकून रंगवण्याची, बाटिक नावाने ओळखली जाणारी पद्धतही चालवतात. उज्जैनच्या या बाटिक कामाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ठशाच्या छपाईत मूळ आणि नक्कल असा भेदच संभवत नाही. ताग्यावरचा पहिला ठसा मूळ आणि शंभरावा नक्कल, असे कोणी म्हणत नाही. लाकडी ठसा झिजला की त्याच आकृतीचा नवा कोरतात, आणि तेव्हा आकृती नवी झाली असेही कोणी समजत नाही. न्यायदर्शनाने व्यक्ती आणि जाती असा भेद केला आहे. समोरची एकेक गाय ही व्यक्ती. सर्व गाईंमध्ये समान असणारे, त्यांच्या जन्ममरणाने न बाधणारे गोत्व ही जाती. ठशाच्या कामात कारागीर सांभाळतो ती जाती. एक कापड फाटले, एक ठसा भंगला, तरी वेलबुट्टी टिकून राहते. ती कोरणारे हात आणि ती ओळखणारे गिऱ्हाईक संपले, तरच ती हरवते. म्हणून ठशाच्या बाबतीत पुन्हा करणे हेच जतन होय, आणि एखादा जुना तागा काचेच्या कपाटात ठेवल्याने त्या कलेचे रक्षण झाले असे म्हणता येत नाही.

भिंतीवरचे चित्र या दोन्हींपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. त्याची प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, त्यामुळे त्याचे 'तेच' असणे एखाद्या विधीने नव्या द्रव्यात हलवता येत नाही. ते ठशातूनही उमटलेले नसते, त्यामुळे तीच आकृती दुसऱ्या ठिकाणी पुन्हा काढली, तर ती जातीचे दुसरे उदाहरण ठरत नाही. ते एका विशिष्ट हाताने, एका विशिष्ट गिलाव्यावर, एका विशिष्ट काळी ओढलेल्या रेषांचे बनलेले असते. वेग कुठे वाढला, कुंचला कुठे थांबला, चूक कुठे झाकली, हे सर्व त्या रेषांतच असते. न्यायाच्या भाषेत ते केवळ व्यक्ती आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र निद्रिस्त माणसात चेतना आणि मृतात चेतनेचा अभाव दाखवू शकणाऱ्यालाच चित्रज्ञ मानते. रेषेतील इतका सूक्ष्म भेद हाच जर चित्राचा प्राण असेल, तर त्या रेषेवरून दुसऱ्याचा कुंचला फिरताच तो प्राण जातो, कारण तो परत बोलावण्याचा मंत्र कोणत्याही शास्त्रात नाही.

यावर एक गंभीर आक्षेप धर्माच्या बाजूने येऊ शकतो. वास्तुशास्त्राने प्रासादाला, म्हणजे देवळाच्या वास्तूला, देवाचाच देह मानले आहे. पायापासून शिखरापर्यंतच्या भागांना चरण, जंघा, स्कंध, ग्रीवा अशी अवयवांची नावे आहेत. मग भिंत देवाच्या देहाचा भाग असेल, तर तिच्यावरील विटलेले चित्र तेजस्वी रंगांनी पुन्हा भरणे ही शेंदराच्या लेपासारखीच सेवा का मानू नये? या आक्षेपातील भक्ती खरी आहे आणि तिला अज्ञान म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. परंतु हे रूपक शेवटपर्यंत नेले, तर ते पुन्हा रंगवण्याच्या बाजूने नव्हे, निगा राखण्याच्या बाजूने साक्ष देते. देहाची सेवा म्हणजे त्याची शुश्रूषा. त्याच्या जागी दुसरा देह आणून बसवणे ही सेवा होत नाही, आणि जेथे देहच बदलायचा असतो तेथे जगन्नाथाप्रमाणे त्यासाठी काटेकोर विधी असतो. जीर्णोद्धाराची शास्त्रेही किरकोळ भंग आणि पूजेला अयोग्य ठरवणारा भंग यांत फरक करतात. प्राचीन दानपत्रांत देवळे आणि विहार यांच्यासाठी जी नेमणूक करून दिलेली असते, तीत मोडलेल्या, तडकलेल्या भागांच्या डागडुजीचा उल्लेख वारंवार येतो. माळव्यातीलच बाघ येथील लेण्यांत माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला आहे, आणि त्यातील दानही विहाराच्या अशाच दुरुस्तीसाठी आहे. जे उभे आहे ते पडू न देणे हे पुण्य आहे. जे पुसट आहे ते आपल्या कल्पनेने ठळक करणे त्या पुण्यात मोडत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो आणि तो अधिक अवघड आहे. भीमबेटकाच्या शैलाश्रयांत, म्हणजे माणसाने निवाऱ्यासाठी वापरलेल्या कातळांच्या छपरांखाली, एका चित्रावर दुसरे आणि दुसऱ्यावर तिसरे रंगवलेले आढळते. मधल्या थरांत हजारो वर्षांचे अंतर असू शकते. तेथील माणसांनी पूर्वजांच्या चित्रांवर रंग फासला आणि आज अभ्यासक त्याच थरांवरून काळाचा क्रम लावतात. मग आजच्या माणसाने देवळाच्या भिंतीवर रंगाचा आणखी एक थर दिला तर बिघडले कुठे? याचे उत्तर असे, की भीमबेटकाचा नंतरचा चित्रकार आपले चित्र काढत होता; खालचे चित्र आपण पूर्ववत करत आहोत असा त्याचा दावा नव्हता. त्याचा थर त्याच्या स्वतःच्या नावाने बोलतो, म्हणूनच तो थर म्हणून ओळखता येतो. शेंदूरही शेंदूर म्हणूनच बोलतो. आपण कोरीव मुखच आहोत असा आव तो आणत नाही. जुन्या चित्राच्या रेषांवर तसेच दिसेल असे रंगकाम करून ते जुने म्हणून दाखवणारा लेप मात्र तोतया असतो. झाकण्याने वस्तूची हानी होते हे खरे, पण तोतयेपणाने ज्ञानाचीही हानी होते, कारण पुढच्या पाहणाऱ्याला आपली फसगत झाली आहे हे कळायलाही वाव उरत नाही.

बौद्ध आणि नैयायिक यांच्यातील प्रदीर्घ वादात या फसगतीचे नेमके विश्लेषण सापडते. 'हा तोच' या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख, म्हणतात. नैयायिक प्रत्यभिज्ञेला वस्तूच्या स्थैर्याचा पुरावा मानतात. काल पाहिलेला घडा आज तोच म्हणून ओळखू येतो, म्हणून तो मधल्या काळातही होता. बौद्ध तार्किक दिव्याच्या ज्योतीकडे आणि कापल्यावर पुन्हा वाढलेल्या केसांकडे बोट दाखवतात. तेथेही 'तीच ज्योत', 'तेच केस' असे वाटते, परंतु ते सादृश्याला एकत्व समजल्यामुळे. या वादाचा अंतिम निकाल काहीही लागो, दोन्ही पक्षांना एवढे मान्य आहे की सादृश्य म्हणजे एकत्व नव्हे. पुन्हा रंगवलेली भिंत ही वाढलेल्या केसांच्या कोटीतली आहे. ती कितीही सारखी दिसली तरी जे कापले गेले ते परत आलेले नसते.

मग सादृश्य व्यर्थ आहे काय? तसे नाही, ते योग्य जागी असावे लागते, आणि ती जागा म्हणजे कागद. येथे काश्मीरचा शास्त्रकार श्रीशंकुक याची एक कल्पना उपयोगी पडते. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, परंतु त्याचे मत अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत खंडनासाठी नोंदवले, म्हणून ते टिकले. रंगमंचावरील नटाला पाहून प्रेक्षकाला जे ज्ञान होते ते चित्रातील घोडा पाहून होणाऱ्या ज्ञानासारखे असते, असे श्रीशंकुक म्हणतो. तो खराच घोडा आहे असे कोणी मानत नाही, म्हणून ते यथार्थ ज्ञान नव्हे. पुढे ते खोटे ठरून गळूनही पडत नाही, म्हणून तो भ्रम नव्हे. घोडा आहे की नाही अशी दोलायमानता नसते, म्हणून तो संशय नव्हे. आणि हे घोड्यासारखे काहीतरी आहे असेही पाहणारा म्हणत नाही, म्हणून ते केवळ सादृश्याचे ज्ञानही नव्हे. या चारांहून वेगळी अशी ही प्रतीती आहे. प्रेक्षकाचा रसास्वाद स्पष्ट करण्यासाठी मांडलेली ही कल्पना चित्राच्या प्रतीलाही लागू पडते. ग्रंथात छापलेली प्रत पाहताना वाचक भिंत पाहत नाही, तरीही भिंतीवरचे चित्र त्याला कळते. ही प्रतीती निर्दोष राहते, कारण कागद आपण भिंत असल्याचे सांगत नाही. तोच रंग, तीच रेषा, तेच कसब भिंतीवर उतरले की या वेगळ्या कोटीतून निसटून सरळ भ्रमाच्या कोटीत जाते.

माळव्याच्याच भूमीत या तत्त्वाचे एक चांगले उदाहरण घडले. बाघची लेणी धार जिल्ह्यात आहेत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो भाग, उज्जैनप्रमाणेच, शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता. मातीच्या जाड गिलाव्यावर चुन्याची भूमी करून काढलेली तेथील चित्रे ओल, धूर आणि ढासळणारा दगड यांमुळे झपाट्याने नष्ट होत होती. संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या कारकिर्दीत त्यांच्या प्रती करण्याचे काम हाती घेतले गेले. बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर यांच्याबरोबर भोसले, आपटे, भांड आणि जगताप या मराठी चित्रकारांनीही प्रती केल्या, आणि १९२७ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्वाल्हेरच्या सहकार्याने त्या ग्रंथरूपात प्रसिद्ध केल्या. पुढे उरलेली चित्रे भिंतीवरून काळजीपूर्वक उतरवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात हलवावी लागली. म्हणजे आज मूळ चित्रही आपल्या मूळ जागी नाही. चित्राचा भिंतीशी, खांबांशी आणि लेण्यातल्या उजेडाशी असलेला संबंध ज्यांनी कागदावर उतरवला, त्यांचे काम आता साक्षीदाराचे काम झाले आहे.

अजिंठ्याचा इतिहास या साक्षीची दुसरी, वेदनादायक बाजू दाखवतो. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या मोठ्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करवून घेतल्या. त्यांपैकीही बऱ्याच १८८५ च्या लंडनमधील आगीत गेल्या, तरी उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंड निघाले. परंतु याच प्रतींच्या कामात रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश चढवले गेले. काळाच्या ओघात ते पिवळे-काळे पडले आणि चित्रांना कायमचा अपाय झाला. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी ते काढण्याचा प्रयत्न केला, पण त्यांनी लावलेले लाखेचे आवरणही पुढे पिवळसर झाले. प्रत मूळ वस्तूच्या रक्षणासाठी असते. प्रत सुंदर व्हावी म्हणून मूळ वस्तूला स्पर्श करणे म्हणजे साधन साध्यावर उलटणे होय. शैलचित्रांचे छायाचित्र घेताना कातळावर पाणी मारून रंग उजळण्याची जुनी सवय याच दोषात मोडते.

उज्जैनच्या संदर्भात या विषयाशी एक नाव निश्चितपणे जोडलेले आहे. विष्णू श्रीधर वाकणकर (१९१९-१९८८), नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानणारे चित्रकार व पुरातत्त्वज्ञ, यांनी १९५७ साली भीमबेटकाचे शैलाश्रय अभ्यासकांच्या दृष्टीस आणले. २००३ साली त्या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उज्जैनच्या भारती कला भवनात चित्रकला शिकवणाऱ्या वाकणकरांनी शैलाश्रयांतील चित्रांच्या मोठ्या संख्येने प्रती केल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याच विषयावर प्रबंध सादर केला आणि १९७६ साली रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासह भारतातील अश्मयुगीन चित्रांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या कामाचे तात्त्विक महत्त्व असे, की चित्रकाराचा हात आणि पुरातत्त्वज्ञाची शिस्त त्यांच्या ठायी एकत्र आली होती. एकावर एक चढलेल्या चित्रांतून कोणती रेषा कोणत्या थराची हे ओळखायला चित्रकाराचा डोळा लागतो, आणि न दिसणारी रेषा न ओढण्यासाठी संशोधकाचा संयम लागतो.

छायाचित्र हाताशी असताना हाताने प्रत कशासाठी करायची, या शंकेचे उत्तरही याच ठिकाणी आहे. छायाचित्र सर्व काही सारख्याच निष्ठेने टिपते: रंग, काजळी, ओलीचा डाग, भेग, वटवाघळांची घाण. त्याला हवे-नको असा विवेक नसतो, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची असते. हाताची प्रत मात्र विवेकातून येते. यशोधराने कामसूत्रावरील टीकेत सांगितलेल्या चित्राच्या षडंगांपैकी पहिले अंग रूपभेद, म्हणजे एक रूप दुसऱ्यापासून वेगळे ओळखणे, हेच प्रत करणाऱ्याचे मुख्य काम असते. डागातून बोट आणि भेगेतून भुवई तो निवडून काढतो. परंतु अशी निवड म्हणजे अनुमान, आणि अनुमान चुकू शकते. प्रमाणशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर छायाचित्र प्रत्यक्षाच्या बाजूला झुकते आणि रंगवलेली प्रत प्रत्यक्ष व अनुमान यांचे मिश्रण असते. या मिश्रणात पाप नाही; मिश्रण असल्याचे लपवण्यात आहे. छायाचित्रावरच कुंचला फिरवून, भेगा बुजवून, विटलेले रंग गडद करून ते मूळ चित्राचे छायाचित्र म्हणून छापणे हा या लपवाछपवीचा सर्वांत घातक प्रकार होय, कारण तेथे अनुमान प्रत्यक्षाचा वेश घेते आणि वाचक यंत्रावर ठेवलेला विश्वास नकळत हातावर ठेवतो.

याला उपाय आहे आणि तो अवघडही नाही. जे दिसले ते अखंड रेषेने, जे तर्काने भरले ते तुटक रेषेने, आणि जे उरलेच नाही ते कोऱ्या किंवा फिक्या सपाट रंगाने दाखवावे. प्रतीशेजारी कुंचला न लागलेले छायाचित्र छापावे. माप, उजेड, तारीख आणि प्रत करणाऱ्याचे नाव द्यावे. इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी यांनी विसाव्या शतकात संवर्धनासाठी याच जातीचा नियम घालून दिला. चित्रातील गळालेली जागा भरायची असेल, तर ती दुरून एकसंध आणि जवळून वेगळी दिसेल अशा बारीक उभ्या रेषांनी भरावी. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेनेही जेथे अटकळ सुरू होते तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे असे ठरवले. भारतीय विचाराला हे तत्त्व परके नाही. प्रमाण कोणते आणि त्याची मर्यादा कोठे, याची चर्चा भारतीय दर्शनांनी सिद्धान्त मांडताना केलेली आहे.

धार्मिक चित्राच्या प्रतीवर आणखी एक जबाबदारी येते. छापलेले चित्र केवळ माहिती देऊन थांबत नाही, ते देव्हाऱ्यात जाते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाल्यापासून लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रे घराघरांत पूजेला लागली आणि त्यांच्या आधारे पुढच्या पिढ्यांच्या मनातील देवरूपच घडले. अशा चित्रासमोर फूल वाहणारा माणूस भ्रमात नसतो. त्याचा भाव त्या कागदाला नवे अधिष्ठान देतो, आणि तेथून त्या प्रतीची स्वतंत्र परंपरा सुरू होते. म्हणून देवळाच्या भिंतीवरील देवरूपाची प्रत प्रसिद्ध करणारा चित्रकार आपल्या अनुमानाने पुढच्या उपासकांची दृष्टी घडवत असतो. भैरवाच्या हातातील पुसट आयुध त्याने तर्काने काढले आणि तसे सांगितले नाही, तर तो तर्क काही वर्षांत परंपरा होऊन बसेल, आणि ती परंपरा मग एखाद्या भिंतीवर परत येईल.

या सर्व विवेचनातून एकच निष्कर्ष निघतो. पुन्हा रंगवणे चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न चुकीचा आहे. वस्तूचे 'तेच' असणे कशात आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. ते अधिष्ठानात असेल तेथे लेप द्यावा. मूर्तीचा लेप वस्तुसंग्रहालयाच्या नियमाने थांबवणे हा उपासनेवर अन्याय आहे. ते जातीत असेल तेथे ठसा पुन्हा कोरावा. एकमेव मूळ वस्तूची हाव तेथे आणली, तर छिपा कारागिरांची कला संपेल. ते व्यक्तीत असेल तेथे रंगाचा हात भिंतीवरून मागे घ्यावा आणि कागदावर चालवावा. भैरवगडच्या भिंतीवर जेवढ्या खुणा उरल्या आहेत, त्यांचे वेगवेगळ्या उजेडात छायाचित्रण व्हावे, शिकलेल्या हातांनी त्यांच्या प्रती व्हाव्यात, तुटक आणि अखंड रेषांचा भेद राखून त्या प्रसिद्ध व्हाव्यात, आणि हे चुन्याचा किंवा तैलरंगाचा पुढचा हात भिंतीवर फिरण्यापूर्वी व्हावे. महादजींनी केलेल्या जीर्णोद्धाराचा वारसा ज्यांना आपला वाटतो, अशा मराठी माणसांवर या कामाचे ऋण अधिक आहे. पूर्वजांनी वास्तू उभी केली. त्यांच्या काळच्या अनामिक चित्रकारांनी तिच्यावर जे लिहिले ते त्यांच्याच अक्षरात वाचता येईल असे ठेवणे, हा त्या ऋणाचा उरलेला भाग आहे.